निवारे आहेत म्हणतात, मग माणसं पदपथावर का झोपतात?

मृद्गंध

दिल्लीत थंडीची लाट आली की बेघरांची बातमी होते. मुंबईत तशी थंडी पडत नाही, त्यामुळे आपल्याकडे हा विषय निघतच नाही. इथला जीवघेणा ऋतू पावसाळा. उड्डाणपुलाखालची कोरडी जागा मिळवायला आणि टिकवायला भांडणं होतात, गोधड्या चार महिने वाळत नाहीत, लहान मुलांच्या अंगावर खरूज उठते. ताडपत्रीखाली बसून रात्र काढली तरी सकाळी नाक्यावर उभं राहावंच लागतं. खाडा झाला तर त्या दिवशी चूल पेटत नाही.

आम्ही काही जणी माहीम ते भायखळा या पट्ट्यात पदपथावरच्या मुलांचा अभ्यास घेतो. हे ओळखीत कळलं की एक प्रश्न हमखास येतो: "सरकारने निवारे काढलेत ना? मग हे लोक तिथे का जात नाहीत?" विचारणारी माणसं भली असतात आणि प्रश्नही रास्त आहे. त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

आधी आकडे. २०११च्या जनगणनेत देशात १७ लाख ७३ हजार माणसं बेघर नोंदली गेली, त्यांतली ९ लाख ३८ हजार शहरांत. महाराष्ट्रात २ लाख १० हजारांवर, एकट्या मुंबईत साधारण ५७ हजार. ही मोजणी एका रात्रीत झाली, २८ फेब्रुवारीला. फेब्रुवारी म्हणजे लग्नसराई. वाढपी, केटरिंगची भांडी घासणाऱ्या बाया, मंडप बांधणारे हे सगळे अशा रात्री कुठल्या तरी लॉनच्या मागे कामावर असतात. बाजारातले हमालही पहाटेच्या आधीच मालाच्या गाडीवर चढलेले असतात. उरलेल्यांतले कितीतरी जण अंधारात कागद घेऊन माणसं येताना दिसली की बोचकं उचलून चालू लागतात, कारण अशी माणसं येतात ती बहुधा उठवायलाच. म्हणून ५७ हजार हा आकडा मी कमीत कमी म्हणून धरते.

आता निवारे. सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये, अन्नाच्या हक्काचा खटला चालू असताना, मोठ्या शहरांना सांगितलं की लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा आणि तो बारा महिने, चोवीस तास उघडा हवा. २०१३च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात हाच निकष आला. एका निवाऱ्यात ५० ते १०० माणसांची सोय, माणशी ५० चौरस फूट, आणि जागा स्टेशन, बाजार, मजुरांचे नाके यांच्या जवळ. मुंबईची तेव्हाची लोकसंख्या १ कोटी २४ लाख, म्हणजे १२४ निवारे. त्याच्या आसपासही आपण कधी पोचलो नाही. आणि समजा पोचलो असतो, प्रत्येकात शंभर माणसं झोपली असती, तरी सोय १२ हजार ४०० जणांची. ५७ हजारांतले बाकीचे कुठे जाणार? हा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

तरीही आहेत त्या निवाऱ्यांत जागा रिकाम्या दिसतात, हे खरं आहे. त्याचं कारण आळस किंवा "त्यांना तसंच आवडतं" हे नाही, एवढं मी खात्रीने सांगू शकते. तुमचे अनुभव ऐकायला आवडतील. माझं सविस्तर पुढच्या प्रतिसादात लिहिते.

गिरणगावकर

चांगला विषय. मी परळचा, आता बोरिवलीला असतो. गिरण्या चालू होत्या तेव्हाही रात्री रस्त्यावर झोपणारी माणसं होतीच, फक्त त्यांना कोणी बेघर म्हणत नसे. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस कामगार पाळीपाळीने झोपत. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागेवर आडवा व्हायचा. उकाड्यात सगळे खाली फुटपाथवर. वळकटी खोलीत, माणूस रस्त्यावर. १९८२च्या संपानंतर जे गावी परतू शकले ते गेले. ज्यांच्याकडे गावी जमीन नव्हती, त्यांतले काही हळूहळू खोली गमावून खरोखरच रस्त्यावर आले. आमच्या चाळीतलेच दोघे मला माहीत आहेत.

आजही परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेर जाऊन बघा. बिहार, बंगाल, आसाम, विदर्भ, सगळीकडची माणसं पदपथावर. एक जण कॅन्सरचा, बरोबर बायको किंवा भाऊ, उशाला रिपोर्टची पिशवी. केमोच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये गावी जायला पैसे नसतात आणि इथे भाड्याने राहायला तर त्याहून नसतात. यांची गावाकडे घरं आहेत, काहींची शेतीही आहे. पण इथे ते महिनोन् महिने रस्त्यावर असतात. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे अशा रुग्णांची अत्यल्प दरात सोय होते. पण मागणी तिच्या कितीतरी पट.

बाबांच्या दशसूत्रीत "बेघरांना आसरा" आहे. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथे त्यांनी धर्मशाळा बांधल्या, त्या माणसं जिथे येऊन थांबतात तिथेच. शहरातले निवारे बांधणाऱ्यांनी एवढं एक त्यांच्याकडून घ्यावं.

आडवाट

विषय महत्त्वाचा आहे, पण दुसरी बाजूही मांडतो. माझी आई ७८ वर्षांची आहे, वॉकर घेऊन चालते. आमच्या रस्त्यावरचा पदपथ पूर्ण भरलेला आहे. चुली, कपडे, बांबू. तिला गाड्यांमधून रस्त्यावर उतरावं लागतं. पदपथ चालण्यासाठी असतो आणि तो कर भरणाऱ्या, न भरणाऱ्या, सगळ्याच पादचाऱ्यांचा आहे.

शिवाय जागांचे व्यवहार चालतात. एखादा दादा पैसे घेऊन जागा देतो, उठवलं की दुसऱ्याला देतो. सहानुभूतीच्या नावाखाली आपण त्यालाच पोसत नाही का? २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही म्हटलं होतं की बेघरांनीही काम करायला हवं, सगळंच सरकार देऊ शकत नाही. मी कोणाला हाकलून द्या म्हणत नाही. पण गाव सोडून याच शहराच्या पदपथावर का यायचं, याचं सरळ उत्तर मला मिळालेलं नाही.

वहाणा_झिजल्या

आडवाट, तुमच्या आईंना रस्त्यावर उतरावं लागतं हे चूकच आहे. तुम्ही विचारता तो प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी सर्वोच्च न्यायालयासमोर याच शहरातून गेला होता. मी वकिली करते, म्हणून जरा विस्ताराने सांगते.

जुलै १९८१. ऐन पावसात मुख्यमंत्री अंतुले यांनी जाहीर केलं की पदपथावरच्यांना उठवून त्यांच्या मूळ गावी किंवा मुंबईबाहेर पाठवायचं. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही पदपथवासी न्यायालयात गेले. अर्जदारांपैकी एक माणूस संगमनेरचा होता. गावी चपला शिवून दिवसाला सात-आठ रुपये मिळायचे, घर पडलं, १९६९ साली मुंबईत आला. बदली कामगार म्हणून महिना ३५० रुपयांवर लागला आणि तुळशीवाडीच्या पदपथावर जागा मिळावी म्हणून तिथल्या गुंडाला ३०० रुपये मोजले. हे सगळं निकालपत्रात लिहिलेलं आहे. तुम्ही म्हणता तो दादा तेव्हाही होता. फरक एवढाच की पैसे देणारा माणूस आपल्या जवळजवळ महिन्याच्या पगाराला लुबाडला जात होता. त्याला फुकट काही मिळालेलं नव्हतं.

निकाल आला १० जुलै १९८५ला. पाच न्यायमूर्ती, अध्यक्षस्थानी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड. घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो, हे तिथे स्पष्ट झालं. रोजगार शहरात आहे, कामाजवळ राहिलं तरच तो टिकतो, आणि पदपथावरून उठवणं म्हणजे कामावरून काढणं, हे न्यायालयाने मान्य केलं. कायद्याच्या अभ्यासक्रमात हा निकाल याच कारणासाठी शिकवतात.

पण त्याच निकालात पालिकेच्या कायद्याचं ३१४वं कलम वैधही ठरलं. पदपथावर घर बांधायचा हक्क कोणालाही नाही, नोटीस देऊन उठवता येईल, एवढंच की ३१ ऑक्टोबर १९८५पर्यंत, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत, हात लावायचा नाही. ज्यांच्याकडे १९७६च्या झोपडी-मोजणीचे दाखले होते, त्यांना पर्यायी जागा द्यायला सांगितलं. आणि त्या मोजणीत पदपथावरचे बहुतेक लोक धरलेलेच नव्हते! म्हणजे हक्क मिळाला, जागा गेली.

२०२१चं तुम्ही सांगितलेलं निरीक्षण खरं आहे. २०२३च्या मार्चमध्ये त्याच उच्च न्यायालयात दक्षिण मुंबईच्या पदपथांचाच विषय होता. तेव्हा खंडपीठाने बेघर हीसुद्धा माणसंच आहेत असं बजावलं आणि गरिबांना शहरातून हटवायचं का, असा प्रश्न केला. दोन्ही वाचावीत.

मृद्गंध

आभार. आता निवाऱ्यात का जात नाहीत त्याबद्दल. मी हे त्यांच्याकडूनच ऐकलेलं सांगते.

पहिलं आणि सगळ्यांत मोठं कारण म्हणजे कुटुंब तुटतं. मुंबईच्या पदपथावर एकटेदुकटे आहेत, पण नवरा-बायको, तीन मुलं, सासू असा अख्खा संसारही आहे. बरेचसे निवारे एकट्या पुरुषांसाठी, काही बायकांसाठी, काही मुलांसाठी. कुटुंबासाठी फार थोडे. बारा-तेरा वर्षांचा मुलगा आईबरोबर बायकांच्या निवाऱ्यात चालत नाही. मग ती आई काय करील? मुलगा बाहेर झोपवून आत जाईल? एकीने मला सांगितलं, "ताई, छप्पर मिळंल, पण पोरगं हातातनं जाईल."

दुसरं अंतराचं. गजरे विणणारीला पहाटे चार वाजता दादरच्या फूलबाजारात असावं लागतं. त्या वेळी बस, लोकल मिळणं कठीण. निवारा चार किलोमीटरवर असला तर तिच्यासाठी तो नसल्यात जमा.

तिसरं सामान. स्टोव्ह, भांडी, एक ट्रंक, कागदपत्रांची पिशवी. निवाऱ्यात कुलूप लावायला पेटी हवी असं नियमात आहे, पण ते सगळीकडे दिसत नाही. आणि एकदा पदपथावरची जागा सोडली की ती गेली. महिन्याभराने निवाऱ्याची मुदत संपली किंवा तो बंद झाला तर परत उभं राहायचं कुठे?

चौथी भीती, आणि तिच्याबद्दल बाहेर फार बोललं जात नाही. मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा १९५९चा आहे. त्यात भीक मागणाऱ्याबरोबरच उदरनिर्वाहाचं दृश्य साधन नसलेला आणि भीक मागत असावा अशा स्थितीत सार्वजनिक जागी आढळणारा माणूसही येतो. पहिल्यांदा एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं, पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८मध्ये दिल्लीपुरती या कायद्यातली बरीच कलमं रद्द केली, आपल्याकडे तो लागू आहे. त्यामुळे सरकारी गाडी येऊन "चला, तुम्हाला निवाऱ्यात नेतो" म्हणाली की लोकांच्या डोळ्यांसमोर चेंबूरचं भिक्षेकरी गृह येतं. दिवसभर कचरा वेचून, हमाली करून कमावणारा माणूस अंगावरच्या कपड्यांमुळे भिकारी ठरू शकतो. अशा गाडीत तुम्ही बसाल का?

बालाघाट

मी बीड जिल्ह्यातली, सध्या ठाण्यात. आडवाट दादांनी विचारलं, गाव सोडून का यायचं. आमच्याकडून सांगते.

१९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातून आणि नगरकडून कुटुंबंच्या कुटुंबं मुंबईला आली. काही दुष्काळी कामं आटोपल्यावर परत गेली, काहींचं परत जाण्यासारखं काही उरलं नव्हतं. आजही ज्यांना जमतं ते दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. ज्यांना कोयता झेपत नाही, बाई एकटी आहे, माणूस अपंग झाला, ते शहरात येतात. कोयत्याला जोडी लागते, एकट्या बाईला मुकादम उचल देत नाही. हे कारण मुंबईत कोणाला ठाऊक नसतं.

आणि पारधी. सिग्नलला गजरे, झेंडे विकणाऱ्या मुलांतली कितीतरी पारध्यांची आहेत. १८७१च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ला तो शिक्का निघाला, पण गावच्या मनातून निघाला नाही. गावात चोरी झाली की आधी पोलीस पारध्याच्या पालावर. गायरानात पाल टाकलं की गाव उठवतं. मग मुंबईचा पदपथ बरा वाटतो, कारण तिथे निदान कोणी जात विचारत नाही. दोन-तीन पिढ्या पदपथावरच जन्मल्यात. त्यांना "मूळ गावी जा" म्हणताना गाव कुठलं सांगणार?

जातीचा दाखला काढायचा तर जुना रहिवास आणि आजोबा-पणजोबांची नोंद मागतात. ज्याला तीन पिढ्या कुठेच टिकू दिलं नाही, त्याने नोंद कुठून आणायची? रेशनकार्डाचंही तेच. एक देश एक रेशन आलं त्याचा उपयोग कार्ड असलेल्यालाच.

कसबा_ते_कात्रज

पुण्याबद्दल थोडं. २०२४च्या डिसेंबरात वाघोलीला केसनंद फाट्याजवळ मध्यरात्री पदपथावर झोपलेल्या मजुरांवर डंपर गेला. तीन जीव गेले, त्यांतली दोन लहान मुलं. ही माणसं अमरावतीकडून बांधकामाच्या कामासाठी आलेली होती. दोन दिवस बातम्या आल्या, चालक दारू प्यालेला होता का यावर चर्चा झाली. ती व्हायलाच हवी. पण ज्या शहराला रोज इतके बांधकाम मजूर लागतात, त्यांना पहिली रात्र काढायला जागा कुठे आहे, हे फारसं कोणी विचारलं नाही.

गावाहून आलेल्या मजुराचा पहिला आठवडा सगळ्यांत धोक्याचा. ठेकेदार मिळाला तर साइटवर पत्र्याची खोली मिळते. मिळेपर्यंत मजूर अड्ड्याजवळच पडायचं, कारण सकाळी लवकर तिथे नसलात तर काम दुसऱ्याला. मजूर अड्ड्याशेजारी आठ-पंधरा दिवसांपुरता निवारा, तोही बायकापोरांसकट, एवढं केलं तरी किती फरक पडेल. बांधकाम मजुरांच्या नावाने विकासकांकडून उपकर गोळा होतोच. त्यातून का होऊ नये?

आडवाट

बालाघाट ताई, ऊसतोडीला जोडी लागते आणि एकटी बाई त्यातून बाहेर पडते, हे मला माहीत नव्हतं. वाचतो आहे.

माझा मुद्दा मात्र तसाच आहे. पदपथ मोकळा हवा. मग सुचवा, कुठे? आमच्याच वॉर्डात पालिकेची एक मंडई वर्षानुवर्षं अर्धी रिकामी आहे. शाळांच्या इमारती पटसंख्या घटल्याने बंद पडल्यात. पुलाखालच्या जागांना कुंपणं घालून बागा केल्यात. जागाच नाही हे मला पटत नाही.

स्पंदन

डॉक्टर म्हणून लिहिते. सार्वजनिक रुग्णालयात काम केलं आहे.

क्षयाचा साधा उपचार सहा महिन्यांचा. रस्त्यावरचा रुग्ण औषध सोडतो तेव्हा आम्ही नोंदीत "उपचार खंडित" लिहितो. प्रत्यक्षात घडलेलं असतं असं की अतिक्रमणाच्या गाडीने बोचकं उचललं आणि गोळ्या त्यात गेल्या. किंवा त्याला तिथून हुसकावलं आणि तो दुसऱ्या वॉर्डात गेला. निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णाला महिन्याला ५०० रुपये मिळत, २०२४च्या नोव्हेंबरपासून १००० झाले, पण ते बँक खात्यात. खातं नाही तर पैसे नाहीत, आणि सगळ्यांत जास्त गरज त्यालाच. मधुमेही माणसाला इन्सुलिन लिहून देताना ते ठेवणार कुठे, हे विचारावंसं वाटतं आणि तोंडातून शब्द फुटत नाही. पायाची जखम रोज धुवा, कोरडी ठेवा असं सांगायचं, आणि तो परत त्याच पावसात.

सगळ्यांत दुर्लक्षित म्हणजे मनोरुग्ण. जटा वाढलेला, स्वतःशी बोलणारा माणूस दिसला की लोक रस्ता ओलांडतात. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं १००वं कलम सांगतं की असा भटकणारा माणूस आढळला तर त्याला संरक्षणात घेणं पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. २४ तासांत त्याला जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात तपासणीला न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही. बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोधही घ्यायचा. बऱ्याच ठिकाणी हे कलम पोलिसांना आपणच दाखवावं लागतं, म्हणून आकडा लक्षात ठेवा.

डॉ. भरत वाटवानी आणि त्यांची कर्जतची श्रद्धा पुनर्वसन संस्था हे काम १९८८पासून करते. २०१८चा मॅगसेसे पुरस्कार त्यासाठीच. रस्त्यावरून आणायचं, औषधोपचार करायचे, थोडं भानावर आलं की गाव आठवतं, आणि मग घरी पोचवायचं. अशी हजारो माणसं घरी गेली आहेत. घरच्यांनी श्राद्ध घातलेला मुलगा दारात उभा, असंही होतं. म्हणजे यांतल्या कित्येकांना घर आहे, वाट पाहणारी माणसं आहेत, मधे फक्त न झालेला उपचार आहे.

पुण्यात डॉ. अभिजित सोनवणे देवळांच्या, मशिदींच्या बाहेर बसणाऱ्यांवर तिथेच जाऊन उपचार करतात, जमेल त्यांना छोटं काम उभं करून देतात. रुग्ण आपल्याकडे येईल ही अपेक्षा सोडून डॉक्टर त्याच्याकडे गेला की अर्धा प्रश्न सुटतो.

सह्याद्री_ते_सिएरा

मी कॅलिफोर्नियात राहतो. इथेही फुटपाथवर तंबू आहेत, पण बहुतेक एकटी माणसं. मुंबईसारखी चूल मांडलेली कुटुंबं क्वचित. २०२४च्या जूनमध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रँट्स पास या ओरेगनमधल्या गावाच्या खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवलं की निवाऱ्यात जागा नसली तरी उघड्यावर झोपणाऱ्याला शहर दंड करू शकतं. ओल्गा टेलिस निकालाबद्दल वर वाचून वाटलं, १९८५ साली आपलं न्यायालय याच्या बरंच पुढे होतं.

फिनलंडने २००८पासून उलटा क्रम लावला. आधी भाड्याचं घर, मग व्यसनमुक्ती, नोकरी वगैरे. तिथे बेघर खूप कमी झाले. आपल्याकडे ते जसंच्या तसं जमणार नाही हे कळतं, पण "आधी सुधर, मग छप्पर देऊ" हा क्रम चुकीचा आहे हे तरी त्यातून घ्यावं.

मृद्गंध

आपल्याकडेही एक उदाहरण आहे, आणि ते मुंबईतलंच. ओल्गा टेलिसचा निकाल आला त्याच वर्षी स्पार्क या संस्थेने भायखळा-नागपाडा भागातल्या पदपथवासीयांची मोजणी केली. त्यातून दिसलं की बहुतेक जण कामावर चालत जातात आणि म्हणूनच तिथे राहतात. त्या बायकांनी पुढच्याच वर्षी महिला मिलन ही आपली संघटना उभी केली. रोजचे एक-दोन रुपये वाचवायचे, आपली मोजणी आपणच करायची, घर कसं असावं हेही आपणच ठरवायचं. त्यांनी चौदा फूट उंचीचं, आत माळा असलेलं घर आखलं, म्हणजे थोड्या जागेत झोपायला दुसरा मजला. त्यांतल्या बऱ्याच कुटुंबांना शेवटी मानखुर्दच्या मिलन नगरात पक्की घरं मिळाली. वीस-वीस वर्षं गेली त्यात. आणि मानखुर्द भायखळ्यापासून लांब, घरकामाची घरं सुटली, हेही त्या सांगतात. तरी मुलं दारं बंद करून झोपतात.

आडवाट, रिकाम्या मंडईचा मुद्दा मला फार पटला. नियमही हेच सांगतात की नवं बांधण्याआधी असलेल्या सार्वजनिक इमारती वापरा. तुमच्या वॉर्डातली मंडई कुठली ते व्यक्तिगत निरोपात कळवाल का? वॉर्ड ऑफिसला पत्र द्यायचं तर पादचारी आणि पदपथवासी दोघांच्या सह्या एकाच कागदावर असाव्यात असं वाटतं. आमच्या भागातल्या बायका सही करायला तयार आहेत. मात्र कुटुंबासाठी वेगळे कप्पे आणि बायकांसाठी रात्रभर उघडं, फुकट शौचालय या दोन अटी त्यांनी घातल्यात. आत्ता पैसे देऊन जायचं शौचालय रात्री बंद होतं. त्यामुळे बायका संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत. वयात आलेल्या मुलींची तर आंघोळही पहाटे अंधारात, चहूबाजूंनी साड्या धरून.

आडवाट

निरोप पाठवला आहे. पत्राचा मसुदा आधी दाखवा. पदपथ मोकळा व्हावा ही मागणी त्यात स्पष्ट असेल तर मी आणि आमच्या सोसायटीतले काही जण सही करू.

नवीसदस्य_पनवेल

बरेच दिवस फक्त वाचते, आज पहिल्यांदा लिहिते आहे. आमच्याकडे पुलाखाली एक आजी आणि तिची नात राहतात. नात सोळा-सतरा वर्षांची असेल, तिची आई तिथेच वारली. दोघींकडे एकही कागद नाही. मी कुठून सुरुवात करू? एका कार्यालयात गेले तर पत्त्याचा पुरावा आणा म्हणून परत पाठवलं.

वहाणा_झिजल्या

आजींपासून सुरू करा, मतदार नोंदणीने. बेघर माणसाला फॉर्म ६ भरताना पत्त्याचा कागद लागत नाही, हे निवडणूक आयोगाच्याच सूचनांमध्ये आहे. ती जिथे झोपते ती जागा पत्ता म्हणून लिहायची, "अमुक पुलाखाली, खांब क्रमांक अमुक" असं. मग मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) रात्री तिथे येऊन ती खरंच तिथे झोपते का हे पाहतो. एकाहून जास्त रात्री येऊ शकतो, त्यामुळे अर्ज दिल्यावर त्या काळात आजींना दुसरीकडे जाऊ देऊ नका. अधिकारी बहुधा जवळच्या शाळेतले शिक्षक किंवा अंगणवाडीच्या ताई असतात. अर्जाआधी त्यांना भेटून घ्या, पुष्कळ सोपं जातं. नाव यादीत आलं की तोच पत्ता बाकी कागदांना आधार म्हणून दाखवता येतो.

नात अठराच्या आतली असेल तर १०९८ला फोन करा. पण आधी दोघींशी बोला, त्यांना वेगळं व्हायचं नसेल तर फोनवर आणि नंतर बालकल्याण समितीसमोरही ते ठामपणे सांगा. आजींच्या तब्येतीसाठी किंवा वृद्धाश्रमाची चौकशी करायची तर ज्येष्ठांसाठी १४५६७ आहे.

नवीसदस्य_पनवेल

खूप आभार. नातीला शिकायचं आहे, सातवीपर्यंत शाळेत गेली होती म्हणते. शाळेचं नाव तिला आठवतं.

मृद्गंध

शाळेचं नाव आठवतंय म्हणजे मोठंच काम झालं! तिथल्या जनरल रजिस्टरमध्ये तिची जन्मतारीख आणि आईचं नाव असणार. शाळा सोडल्याचा दाखला मागा. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दाखला हातात आला की दहावीसाठी सतरा नंबरच्या फॉर्मची, म्हणजे बाहेरून परीक्षा द्यायची वाट उघडते. अर्जाचा नमुना तुम्हाला आज रात्री पाठवते.